गावच्या यंत्राचे गावातच केलेले चित्रपुस्तक
अकोले तालुक्यातील ग्रामीण कार्यकर्ते, शिक्षक व शेतकरी यांना उपयुक्त अशी एक योजना

भाताची सोंगणी आटोपत आली की अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ गावांतून खळ्यांवर माणसांची वर्दळ सुरू होते. पूर्वी या दिवसांत खळ्यावरून येई तो पेंढ्या झोडपल्याचा आवाज. आता त्याच्या जोडीस मळणी यंत्राची घरघरही ऐकू येते. खाचरांत चिखलणीसाठी पॉवर टिलर उतरतो. तालुक्याच्या पूर्व भागात, प्रवरेच्या काठच्या बागायती गावांत, तर ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, कडबा कुट्टी आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्या या नित्याच्याच गोष्टी झाल्या आहेत. यंत्र कोणतेही असो, ते गावात शिरले की त्याच्याभोवती सर्वांच्या आधी गोळा होतात ती मुले.

यंत्र विकत घेणाऱ्या शेतकऱ्यास त्याची माहिती विक्रेता देतो. ते चालविणाऱ्यास कोणीतरी जाणता माणूस शिकवितो. परंतु यंत्राच्या सर्वांत जवळ जाऊन, सर्वांत कुतूहलाने पाहणाऱ्या मुलास ते समजावून सांगण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नसते. त्याला मिळते ती केवळ ‘दूर हो’ अशी दटावणी. दूर म्हणजे किती दूर, आणि का, हे त्या दटावणीत नसते. भरधाव फिरणारा पट्टा दिसण्यात स्थिर वाटतो, धारदार पाते चाकाच्या आड लपलेले असते, आणि मुलाचा हात तर सदैव काहीतरी चाचपण्यास आतुर असतो. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे अनर्थ होण्यास क्षणाचाही अवधी लागत नाही.

मळणी यंत्रांमुळे होणाऱ्या अपघातांचा प्रश्न इतका गंभीर होता की त्यासाठी देशात धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम, १९८३ हा कायदा करावा लागला. शक्तीवर चालणाऱ्या मळणी यंत्राचा त्यात समावेश आहे. कायदा आपले काम करीत राहील. पण तो सात वर्षांच्या मुलास वाचता येत नाही. त्यास वाचता येते ते चित्र.

दुकानांत मिळणारी यंत्रांची चित्रपुस्तके पाहिली तर त्यांतून बहुधा परदेशी शेते दिसतात. दृष्टी पोचेल तेथवर सपाट रान, घराएवढे कापणी यंत्र आणि त्यावर एकटाच बसलेला शेतकरी. डोंगरउतारावरील खाचर, बांधावरून खांद्यावर वाहून न्यावे लागणारे अवजार, खळ्यावर एकाच वेळी राबणारे दहाजण यांपैकी त्यांत काहीच नसते. ज्या यंत्रापासून अकोल्यातील मुलास जपावयाचे आहे, ते यंत्र त्याच्या पुस्तकात नाही. ही उणीव दूर करण्यास मोठ्या प्रकाशनसंस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. गावातील शाळा, बचतगट, शेतकरी गट अथवा ग्रामपंचायत असे पुस्तक स्वतः तयार करून स्वतः प्रसिद्ध करू शकते.

चित्र व अवजार यांचे जुने नाते

मुलांस चित्रांच्या साहाय्याने कामधंद्याची ओळख करून देण्याची कल्पना नवी नव्हे. कोमेनियस या युरोपीय शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली मुलांसाठी जे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात इतर उद्योगांबरोबर शेतीचाही पाठ होता. त्याची एक युक्ती आजही जशीच्या तशी उपयोगी पडण्यासारखी आहे. चित्रातील प्रत्येक वस्तूस त्याने आकडा दिला आणि मजकुरात त्या वस्तूच्या नावापुढे तोच आकडा घातला. मूल चित्रावरून शब्दाकडे आणि शब्दावरून पुन्हा चित्राकडे जाते. यंत्राच्या भागांची नावे शिकविण्यास याहून सोपी रीत नाही.

महाराष्ट्रात लोखंडी नांगराचा पाया घालणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुळात चित्रकलेचे विद्यार्थी होते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले. परंतु रंगांतील भेद नीट ओळखता येत नसल्यामुळे त्यांनी रंगकाम सोडून यंत्रांच्या रेखाटनाची वाट धरली. १९०३ साली त्यांनी बेळगावी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत त्या वेळी शेतकऱ्यांत होती, त्यामुळे पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघू लागले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते. अवजार तयार करणाऱ्यांनी अवजाराविषयी स्वतःच लिहावे, स्वतःच छापावे आणि शेतकऱ्याच्या हाती द्यावे, ही परंपरा अशी मराठीत शंभर वर्षांहून जुनी आहे.

अमेरिकेत ट्रॅक्टरचा कारखाना चालविणाऱ्या जॉन डिअर कंपनीनेही १९५८ साली मुलांसाठी एका ट्रॅक्टरची गोष्ट प्रसिद्ध केली होती. मात्र कारखान्याचे पुस्तक आणि गावचे पुस्तक यांत एक फरक राहणारच. कारखान्यास आपले यंत्र मुलाच्या मनात आवडते करावयाचे असते. गावास आपले मूल धडधाकट राखावयाचे असते. म्हणून गावच्या पुस्तकात यंत्राचे कौतुक जरूर असावे, पण त्याच्या दाताचे चित्रही तितकेच स्पष्ट असावे.

स्वतः पुस्तक छापणे म्हणजे कमीपणा, असे कोणी मानू नये. सशाची सुप्रसिद्ध गोष्ट लिहिणाऱ्या बीएट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकेचे हस्तलिखित प्रकाशकांनी नाकारले होते. तेव्हा तिने डिसेंबर १९०१ मध्ये स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. पुढच्याच वर्षी प्रकाशकाने ते पुस्तक काढले आणि ते जगभर गेले. अकोल्याच्या एखाद्या गावास २५० प्रती पुष्कळ झाल्या. त्या गावातील व शेजारच्या दोन गावांतील प्रत्येक मुलाच्या हाती पुस्तक गेले म्हणजे कार्य साधले.

कोणते यंत्र निवडावे

एका पुस्तकात एकच यंत्र घ्यावे. दहा यंत्रांचे एक पुस्तक केल्यास ते तक्त्यासारखे होते. मूल ते एकदा चाळते व ठेवून देते. गावात प्रत्यक्ष असलेले आणि मुलांच्या वावरण्याच्या जागी चालणारे यंत्र प्रथम निवडावे. तालुक्याचा विचार करता पुढील निवड सोयीची होईल.

(१) डोंगराळ भातपट्ट्यासाठी मळणी यंत्र, पॉवर टिलर आणि ओळीतील भातात फिरवावयाचे हातकोळपे. कोळप्याचा विषय मुलांस विशेष आवडतो, कारण ओळ वाकडी लागली की ते अडते. दोरी धरून आवणी का करतात, याचे उत्तर त्या एका अडलेल्या कोळप्याच्या चित्रात मिळते.

(२) दूधदुभत्याच्या गावांसाठी कडबा कुट्टी यंत्र. हे गोठ्यात, म्हणजे घराला लागूनच असते. काम नसताना त्याचे चाक अडकवून ठेवण्याची खीळ आणि पात्यावरील झाकण, हे दोन भाग या पुस्तकाचे नायक समजावेत.

(३) बागायती गावांसाठी ट्रॅक्टर व त्याचा मागील फिरता दांडा, तसेच उसाची ट्रॉली. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढण्याचा मोह मुलांस आवरत नाही. चाकाखाली काय होते ते भीषण रीतीने न दाखविताही, चालकाच्या आसनावरून मागे काय दिसते आणि काय दिसत नाही, एवढे एक चित्र पुरेसे बोलके ठरते.

ट्रॅक्टरच्या मागील दांड्याविषयी एक हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. हा दांडा साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. त्याची जाडी सुमारे साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे घेर जवळजवळ ११ सेंटिमीटर. नऊ फेऱ्यांत त्यावर सुमारे एक मीटर कापड गुंडाळले जाते. तोंडाने ‘एक’ म्हणेपर्यंत पदराचे टोक दांड्यात आणि सगळा पदर त्याच्याभोवती, अशी ही गती आहे. उपदेशाची दहा वाक्ये जे सांगू शकत नाहीत, ते एक मीटर लांबीची चिंधी काढलेले चित्र सांगते.

चित्र बिनचूक हवे

या कामातील मुख्य जबाबदारी चित्राच्या अचूकपणाची आहे. मजकुरातील चूक मोठी माणसे वाचताना सुधारून घेतील. चित्रातील चूक मूल अनुकरणाने उचलील. पुस्तकात जे दाखविले असते ते मुलास परवानगीसारखे वाटते. ट्रॅक्टरच्या चाकावरील पत्र्यावर आनंदाने बसलेला मुलगा काढला आणि खाली ‘असे बसू नये’ असे लिहिले, तरी मुलाच्या लक्षात राहतो तो आनंद. यास्तव चुकीचे वर्तन शक्यतो काढूच नये. योग्य वर्तन मात्र इतके ठळक व आकर्षक काढावे की तेच हवेसे वाटावे.

चित्रकाराने यंत्र प्रत्यक्ष पाहून रेखाटन करावे. प्रथम बंद स्थितीत चारही बाजूंनी, नंतर चालू असताना दुरून. जाहिरातीच्या पत्रकावरून चित्र उतरवू नये. त्यात पुष्कळदा झाकणे काढून आतील भाग दाखविलेले असतात. कोणत्याही कारखान्याचे नाव किंवा चिन्ह चित्रात येऊ देऊ नये. रेखाटन पुरे झाल्यावर यंत्र चालविणाऱ्या शेतकऱ्यास आणि ते दुरुस्त करणाऱ्या कारागिरास दाखवून पुढील बाबी तपासून घ्याव्यात.

पट्टा व पुली यांवर जाळी अगर झाकण काढले आहे काय? मळणी यंत्रात पेंढ्या सोडण्याची पन्हळ पुरेशी लांब व झाकलेली आहे काय? भारतीय मानकाप्रमाणे ही पन्हळ किमान ९० सें.मी. लांब आणि यंत्राच्या बाजूने किमान ४५ सें.मी. झाकलेली असावी लागते. पेंढी सोडणाऱ्याचा हात आतील फिरत्या भागापर्यंत पोचू नये हा त्यातील हेतू. पेंढ्या सोडणाऱ्या बाईचा पदर खोचलेला व पुरुषाचे उपरणे काढून ठेवलेले आहे काय? यंत्राच्या आसपास किती अंतरावर कोण उभे आहे? हे सारे बरोबर असेल तरच चित्र रंगविण्यास द्यावे.

गावातील यंत्रावर झाकण नसेल तर काय करावे, असा प्रश्न येथे निश्चित उपस्थित होईल. चित्रात झाकण काढावेच. मग मूल पुस्तक घेऊन खळ्यावर जाईल आणि आपल्या यंत्राला हे का नाही, असे विचारील. तो प्रश्न वडीलधाऱ्यांस अडचणीचा वाटला तरी फार मोलाचा आहे. पुष्कळ यंत्रांवर त्यामुळेच झाकण परत बसेल.

गोष्टीचा नमुना

पुस्तक १६ पानांचे व वर चार पानी जाड वेष्टन, असे ठरवावे. मधोमध तारेची टाच मारावयाच्या पुस्तकात पानांची संख्या चाराच्या पटीत असावी लागते, हे प्रथमच ध्यानात ठेवावे. पान १ वर नाव, पान २ वर प्रकाशनाची माहिती, पान ३ पासून १३ पर्यंत गोष्ट, पाने १४ व १५ मिळून यंत्राचे आकडे घातलेले मोठे चित्र, आणि पान १६ वर मोठ्यांसाठी सूचना. मळणी यंत्रावरील पुस्तकाचा नमुना पुढे दिला आहे. तो जसाच्या तसा न घेता आपल्या गावाप्रमाणे बदलावा.

पान ३. खळे सारवले. भाताचे भारे आले. आजी म्हणाली, “उद्या मळणी.”

पाने ४ व ५. आजी लहान होती तेव्हा पेंढ्या झोडायची. धप्, धप्, धप्! हात दुखायचे. चांदणे उगवायचे.

पाने ६ व ७. आज यंत्र आले. त्याला पोट आहे, तोंड आहे. पोटात दात आहेत. दात दिसत नाहीत.

पाने ८ व ९. आजीने चुलीतली राख आणली. यंत्राभोवती मोठी गोल रेघ ओढली. “रेघेच्या आत यंत्र आणि मोठी माणसे. रेघेच्या बाहेर आपण.”

पाने १० व ११. घर्र घर्र घर्र! पेंढी गेली तोंडात. भात पडला समोर. पेंढा उडाला पलीकडे. माझा चेंडू गेला रेघेच्या आत.

पाने १२ व १३. मी रेघ ओलांडली नाही. हात वर केला. बाबांनी यंत्र थांबवले. दात थांबले. मग बाबांनी चेंडू दिला.

या गोष्टीत कोणासही इजा होत नाही, तरी प्रत्येक मूल दहाव्या पानावर श्वास रोखते. बाराव्या पानावर त्याला एक उपाय कळतो. हात वर केला की मोठी माणसे यंत्र थांबवितात, हा तो उपाय. अर्थात मोठ्यांनी तसे खरोखर थांबविले पाहिजे. म्हणून सोळाव्या पानावरील सूचनांत तोच करार पहिला लिहावा. राखेची रेघ ओढण्यास पैसा लागत नाही, आणि ती पाच वर्षांच्या मुलासही दिसते.

भाषा कशी असावी

एका पानावर दोन ते चार लहान वाक्ये असावीत. अक्षर टपोरे, शक्यतो २० ते २४ पॉइंटचे ठेवावे. यंत्राच्या भागांची गावात रूढ असलेली नावेच वापरावीत. लोक ‘पट्टा’ म्हणत असतील तर ‘पट्टा’, ‘पुली’ म्हणत असतील तर ‘पुली’. शुद्ध पण कोणासही न कळणारा शब्द योजून काही लाभ नाही. अकोल्यात महादेव कोळी व ठाकर समाजाची मोठी वस्ती आहे. तेथील मुलांच्या घरच्या बोलीतील शब्द गोष्टीत निःसंकोच येऊ द्यावेत, आणि आकड्यांच्या चित्रात घरचा शब्द व शाळेतील शब्द शेजारी शेजारी द्यावेत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी बालकांच्या शिक्षणाचे जे कार्य केले, त्याचा हाच धडा आहे. मुलाच्या अंगणात जे आहे तेथून शिक्षणाचा आरंभ व्हावा.

जुन्या अवजारांसही पुस्तकात जागा असावी. पाभर, कुळव, कोळपे, इरले, सूप या वस्तूंची नावे आजोबांच्या तोंडी आहेत. नातवाच्या तोंडी ती राहतीलच असे नाही. यंत्राच्या गोष्टीत एखादे पान त्यांस दिले, तर नवे यंत्र कोणत्या कष्टाच्या जागी आले हेही मुलास कळते.

हस्तलिखित तयार झाले की छापण्यापूर्वी ते दहाबारा मुलांस दाखवावे. प्रथम मजकूर झाकून केवळ चित्रे दाखवावीत व ‘येथे काय चालले आहे?’ एवढेच विचारावे. मुले जे चुकीचे सांगतील ते चित्र बदलावे, मुलांस दोष देऊ नये. नंतर गोष्ट वाचून दाखवावी आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून ती पुन्हा सांगून घ्यावी. राखेची रेघ आणि वर केलेला हात या दोन गोष्टी ज्यांच्या सांगण्यात आपोआप येतील, त्यांच्यापुरते पुस्तक उतरले असे समजावे.

छपाई व खर्च

चौरंगी छपाईस चार पट्ट्या कराव्या लागतात व त्यांचा खर्च प्रती शंभर काढल्या काय किंवा हजार काढल्या काय, तेवढाच येतो. म्हणून थोड्या प्रतींस ऑफसेट महाग पडते. तेथे डिजिटल छपाई परवडते. संगमनेर, नाशिक अगर अहिल्यानगर येथील दोन-तीन मुद्रणालयांकडून १००, ३०० व ५०० प्रतींचे वेगवेगळे दर मागवून ताडून पाहावेत. ऑफसेटवर छापावयाचे असल्यास खर्च कमी करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे दोनच रंग वापरणे: काळा आणि लाल. मात्र लाल रंग केवळ यंत्राच्या धोक्याच्या भागांसाठी राखून ठेवावा. आजीचे लुगडे लाल नको, सूर्यही लाल नको. पुस्तकभर लाल दिसला की ‘येथे हात नको’ एवढाच त्याचा अर्थ व्हावा. काटकसरीतून असा शिकविण्याचा लाभ साधतो.

ज्यांना छपाईचा भार झेपणार नाही त्यांनी प्रथम हाताने काढलेल्या एकाच प्रतीवरून छायाप्रती काढून लाल भाग मुलांकडूनच रंगवून घ्यावेत. संगणकाची सोय असेल तर प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या खुल्या संग्रहाचाही उपयोग करता येतो. तेथे मराठी चित्रकथा विनामूल्य वाचता येतात व श्रेय देऊन चित्रे वापरून नवी कथा रचता येते. तथापि यंत्राचे मुख्य चित्र आपल्या गावातील यंत्राचेच असावे.

प्रकाशनाच्या नियमांपैकी तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक, म्हणजे आय.एस.बी.एन., भारतात विनामूल्य मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो. दुसरी, १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांस स्वखर्चाने पाठवावयाची असते. प्रकाशक खेड्यातील बचतगट असला तरी हा नियम लागू होतो, आणि गावचे पुस्तक देशाच्या ग्रंथालयात जाते ही अभिमानाचीच गोष्ट आहे. तिसरी, चित्रकार व लेखक यांची लेखी संमती घ्यावी आणि त्यांची नावे पुस्तकावर छापावीत. चित्रे गावातील मुलांनी काढली असतील तर त्यांच्या पालकांची संमती घ्यावी.

पुस्तकाचा प्रसार

पुस्तक छापून कपाटात राहिले तर सर्व श्रम वाया गेले असे समजावे. प्रसाराचे वेळापत्रक पिकाच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे. एका हंगामात खळ्यावर रेखाटने करावीत. हिवाळ्यात गोष्ट लिहावी, होळीपर्यंत चित्रे पुरी करावीत आणि वार्षिक परीक्षेपूर्वी मुलांस दाखवून तपासून घ्यावीत. पावसाळ्यात छपाई उरकावी आणि नवरात्राच्या सुमारास पुस्तक हाती यावे. १५ ऑक्टोबर हा दिवस महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. भाताची मळणी त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरू होते. यंत्र सुरू होण्यापूर्वी मुलांच्या हाती त्याचे पुस्तक देण्यास याहून योग्य दिवस शोधून सापडणार नाही.

त्या दिवशी शाळेत वाचन करून थांबू नये. यंत्र बंद ठेवून, खळ्यावरच, यंत्राच्या मालकाच्या समक्ष पुस्तक वाचावे. प्रत्यक्ष राखेची रेघ ओढावी. आकड्यांचे चित्र हाती घेऊन मुलांनी रेघेबाहेरून एकेक भाग ओळखावा. आईवडिलांस त्या वेळी बोलवावे, कारण करार दोन्ही बाजूंचा आहे. अंगणवाडी, गावचे वाचनालय व आश्रमशाळा यांना प्रती द्याव्यात. राजूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत आश्रमशाळांशी संपर्क साधणे सोयीचे होईल. भाड्याने अवजारे देणाऱ्या केंद्रांनी यंत्राबरोबर पुस्तकाची एक प्रत घरी पाठविण्याची पद्धत पाडली, तर जेथे यंत्र तेथे पुस्तक पोचेल. महाशिवरात्रीस अकोल्यात अगस्ती ऋषींच्या यात्रेला पंचक्रोशीतील कुटुंबे मुलाबाळांसह येतात. तेथे मांडलेल्या एका लहानशा टेबलावरूनही पुष्कळ प्रती जातील. प्रत अगदी फुकट न देता अल्प किंमत ठेवावी. जमलेल्या पैशांतून पुढील यंत्राचे पुस्तक काढता येईल.

स्वतःच्या हातातील ज्ञान

या तालुक्यास हे काम परके वाटण्याचे कारण नाही. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. तरीही गावरान वाणांचे बियाणे त्यांनी जपले, त्याची नावे व गुण मुखोद्गत ठेवले, बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणे दुसऱ्याच्या हाती गेले की शेतकरी परावलंबी होतो, हे त्यांनी आपल्या कामाने दाखवून दिले. माहितीचेही तसेच आहे. आपल्या खळ्यावरील यंत्राविषयी आपल्या मुलास काय सांगावयाचे, हे आपल्या शब्दांत व आपल्या चित्रांत आपणच ठरवावे.

येत्या हंगामापूर्वी प्रत्येक गटाने आपल्या गावातील एक यंत्र, एक चित्रकार, एक शिक्षक व ते यंत्र चालविणारा एक शेतकरी अशी जुळणी करावी. सोळा पाने ही काही मोठी मजल नव्हे. मळणीच्या दिवशी खळ्यावर राखेची रेघ ओढलेली दिसेल आणि मुले तिच्या बाहेर उभी राहून यंत्राच्या भागांची नावे मोठ्याने म्हणत असतील, तर ते पुस्तक चांगले झाले असे खुशाल समजावे.